'मी बघतो' म्हणणाऱ्या माणसाची तब्येत

पहाटे साडेपाचला मुकादमाचा फोन वाजतो. आज दोघांचा खाडा आहे. अंथरुणातूनच तो म्हणतो, "ठीक आहे, मी बघतो." अर्धा चहा तसाच टाकून घराबाहेर पडतो. चौकीवर हजेरी घेतो, माणसे वाटून देतो आणि एका गल्लीला माणूस उरत नाही म्हणून स्वतःच झाडू हातात घेतो. दुपारी साहेबांना कामाचे फोटो पाठवायचे, तक्रारींची उत्तरे द्यायची. संध्याकाळी वस्तीत पाय ठेवला की जयंती मंडळाची वर्गणी, कोणाच्या जातीच्या दाखल्याचा अर्ज, कोणाच्या घरचे भांडण. सगळ्यांना एकच उत्तर: "मी बघतो." रात्री अकराला ताट समोर येते. बायको विचारते, "अहो, बीपीची गोळी घेतली का?" ती कालही राहिलेली असते आणि आजही.

असा माणूस आपल्या प्रत्येक वस्तीत सापडेल. कुठे तो सफाई खात्यातला मुकादम असतो, कुठे सिक्युरिटीचा सुपरवायझर, कुठे युनियनचा पदाधिकारी. कुठे ती वॉर्डातली इनचार्ज सिस्टर असते, आशाताईंची गट प्रवर्तक असते, बचत गटाची अध्यक्षा असते. लोक त्यांना मान देतात आणि तो मान त्यांनी कष्टाने मिळवलेला असतो. पण हाच माणूस एक दिवस कामावर चक्कर येऊन पडतो, तेव्हा सगळे हळहळतात, "किती करायचा हो!" इतके का करायचा, हे मात्र कोणी विचारत नाही.

या पानावर आपण बीपी, शुगर, झोप यांविषयी नेहमी बोलतो. आज त्यांच्या मागे दडलेल्या एका कारणाविषयी बोलू. चार लोकांचे पुढारपण ज्याच्याकडे आहे तो झेपेल त्यापेक्षा जास्त ओझे का उचलतो? स्वभावच तसा, असे म्हणून विषय संपत नाही. कारणे कळली तर ओझे उतरवताही येते.

पहिले कारण : हाताची सवय

मुकादम, सुपरवायझर, इनचार्ज ही पदे बहुतेक वेळा ज्याचे काम चोख असते त्याला मिळतात. काल जो स्वतः उत्तम काम करत होता त्याला आज इतरांकडून काम करून घ्यायचे असते. ही दोन कामे वेगळी आहेत, पण दुसरे काम त्याला कोणी शिकवलेले नसते. मग समोरचा माणूस चुकला की हात शिवशिवतात. "सरक बाजूला, मी करतो. तुला सांगेपर्यंत माझे करून होईल."

आजच्या दिवसापुरते हे खरेच असते. सांगायला अर्धा तास लागतो आणि स्वतः केले तर दहा मिनिटांत होते. पण तेच काम रोज असेल तर तो अर्धा तास एकदाच खर्च होतो आणि ती दहा मिनिटे जन्मभर जातात. शिवाय समोरचा माणूस जन्मभर कच्चाच राहतो. मग आपणच म्हणतो, "माझ्याशिवाय इथे कोणाला काही येत नाही." ते येत नाही, कारण आपण येऊ दिले नाही.

दुसरे कारण : दुसऱ्याचे माकड आपल्या खांद्यावर

अमेरिकेत १९७४ साली विल्यम ऑन्केन आणि डोनाल्ड वॉस यांनी व्यवस्थापनावर एक लेख लिहिला. तो आजही शिकवला जातो, कारण त्यातली गोष्ट साधी आहे. प्रत्येक अडचण म्हणजे एक माकड समजा. हाताखालचा माणूस येतो तेव्हा माकड त्याच्या खांद्यावर बसलेले असते. तो म्हणतो, "एक अडचण झालीय." आपण घाईत असतो. आपण म्हणतो, "बरे, बघतो आणि सांगतो." त्याच क्षणी माकड उडी मारून आपल्या खांद्यावर येते. तो मोकळा होऊन घरी जातो. दुसऱ्या दिवशी तोच येऊन आपल्याला विचारतो, "काय झाले माझ्या कामाचे?" आता साहेब कोण आणि हाताखालचा कोण?

दिवसाला अशी दहा माणसे भेटली तर दहा माकडे झाली. रात्री आडवे झाल्यावर ती सगळी डोक्यात नाचतात. अंग थकलेले असूनही झोप लागत नाही, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

बचत गटात हे नेहमी दिसते. एका बाईचा हप्ता चुकला. बँकेत गटाचे नाव खराब होऊ नये म्हणून अध्यक्षा स्वतःच्या पैशातून भरते. पुढच्या महिन्यात दुसरीचा हप्ता थकतो. वर्षभरात अध्यक्षेच्या डोक्यावर उसनवारी चढते, घरात भांडण होते आणि ती कोणाला सांगतही नाही. खरे तर कर्ज गटाचे होते आणि अडचण गटाच्या बैठकीत यायला हवी होती.

तिसरे कारण : सिद्ध करून दाखवण्याचे ओझे

हे कारण आपल्या घरांत खोलवर बसलेले आहे. ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कोणी खुर्चीवर बसले नाही, त्याला पहिल्यांदा खुर्ची मिळाली की तो फक्त स्वतःसाठी काम करत नाही. त्याला माहीत असते की दुसऱ्या कोणाची चूक झाली तर ती त्या माणसाची चूक असते, आणि आपली झाली तर बोट आपल्या सगळ्यांकडे जाते. "कोट्यातून आलेत" हा शब्द मागून कानावर पडतो. म्हणून तो दुप्पट काम करतो. रजा घेत नाही, आजारी असल्याचे सांगत नाही. मदत मागणे त्याला कमीपणाचे वाटते.

असे ओझे जगात आणखी कोणी उचलले, ते बघा. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांमध्ये जॉन हेन्री नावाच्या कामगाराची दंतकथा आहे. रेल्वेच्या बोगद्यासाठी तो घणाने दगडात भोके पाडायचा. वाफेवर चालणारे यंत्र आले तेव्हा त्याने यंत्राशी पैज लावली, जिंकली आणि घण हातात असतानाच कोसळून मेला.

शर्मन जेम्स हे तिथले कृष्णवर्णीय आरोग्य संशोधक. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांना उत्तर कॅरोलिना राज्यात एक म्हातारा शेतकरी भेटला. त्याचेही नाव जॉन हेन्रीच होते. गरीब कुळाच्या घरात जन्मलेला हा माणूस शाळेत जेमतेम दोन इयत्ता शिकला. मालकाच्या कर्जातून त्याने स्वतःला सोडवले आणि चाळिशीत तो ७५ एकरांचा धनी झाला. पण पन्नाशी सरता सरता त्याला बीपी जडले, सांधे आखडले आणि पोटातला अल्सर इतका वाढला की जठराचा मोठा भाग काढावा लागला.

जेम्स यांनी या वृत्तीला 'जॉन हेन्रीपणा' असे नाव दिले. हाताशी साधने कमी, अडथळे मोठे, तरी मी एकटा जोर लावून सगळे निभावीन, अशी ही वृत्ती. १९८३ साली त्यांनी १३२ कृष्णवर्णीय पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शिक्षण कमी आणि ही वृत्ती जास्त असलेल्यांमध्ये बीपी अधिक आढळले. शिक्षण जास्त असलेल्यांमध्ये तसे दिसले नाही. पुढच्या सगळ्या अभ्यासांत हा संबंध सारखाच आढळला असे नाही. तरी त्यातला मुद्दा आपल्याला लागू पडतो. जिद्द हा दोष नाही. पण पाठीशी साधने आणि माणसे नसतील तर जिद्दीची किंमत शरीर मोजते.

चौथे कारण : रिकाम्या खुर्च्या

सगळा दोष माणसाच्या स्वभावावर टाकणे अन्यायाचे होईल. कित्येक ठिकाणी जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत. कायम कामगार निवृत्त होतो आणि त्याच्या जागी ठेक्यावरचा येतो किंवा कोणीच येत नाही. काम तेवढेच राहते. मग जो जबाबदार आहे, ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या अंगावर ते येऊन पडते.

याचे इतिहासातले मोठे उदाहरण आपल्याला जवळचे आहे. २९ ऑगस्ट १९४७ रोजी संविधानाच्या मसुदा समितीची स्थापना झाली. सात सदस्य नेमले गेले. टी. टी. कृष्णमाचारी यांनी ५ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेतच सांगितले की, या सातांपैकी एकाने राजीनामा दिला, एकाचे निधन झाले, एक अमेरिकेत होते, एक राज्यकारभारात गुंतले होते आणि एक-दोघे प्रकृतीमुळे दिल्लीपासून दूर राहिले. शेवटी मसुद्याचा भार डॉ. आंबेडकरांवर येऊन पडला. बाबासाहेबांनी तो पेलला, हे आपण अभिमानाने सांगतो आणि सांगायलाच हवे. पण त्याच गोष्टीत हेही आहे की सात जणांचे काम एकावर पडले होते. आणि तेव्हा त्या एकाला मधुमेह होता.

पाचवे कारण : ते आवडतेही

हे बोलायला अवघड आहे, पण आरोग्याच्या पानावर खरे बोलायला हवे. "दादांशिवाय पान हलत नाही," हे वाक्य गोड लागते. सगळे आपल्याला विचारतात, सगळ्यांना आपण लागतो, यात एक नशा आहे. किल्ली आपल्याकडे, हिशोबाची वही आपल्याकडे, साहेबांचा नंबर आपल्याकडे. दुसऱ्याला शिकवले तर आपली गरज संपेल, ही भीती मनाच्या तळाशी असते. ज्याला आयुष्यभर कोणी विचारले नाही त्याला हे वाटणे साहजिक आहे. पण ओळखणे गरजेचे आहे. सगळे आपल्या हातात ठेवणारा माणूस वाईट नसतो, तरी त्याच्या मागे कोणी तयार होत नाही. तो आजारी पडला की मंडळ, गट, युनियन सगळे ठप्प होते.

जबाबदारी आपली, अधिकार साहेबांचा

काम जास्त असले की आजार होतो, एवढेच सूत्र असते तर सगळ्यात मोठे साहेब सगळ्यात आजारी असायला हवे होते. इंग्लंडमध्ये १९६७ साली सुरू झालेल्या 'व्हाइटहॉल' अभ्यासात सरकारी नोकरीतल्या सतरा हजारांहून अधिक पुरुषांची पाहणी झाली. हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण सर्वात खालच्या हुद्द्यांवर सर्वात वरच्यांच्या सुमारे तिप्पट निघाले. सिगारेट, बीपी असली कारणे हिशोबात धरूनही हा फरक पूर्ण पुसला गेला नाही. त्याच इंग्लंडमधल्या पुढच्या अभ्यासांत एक कारण ठळक झाले: आपल्या कामावर आपला ताबा किती.

आता मुकादमाची जागा बघा. रस्ता अस्वच्छ राहिला तर जाब त्याला विचारतात. पण माणसे वाढवणे, झाडू-हातमोजे वेळेवर मागवणे, सुट्टी मंजूर करणे यांतले काही त्याच्या हातात नाही. वरून साहेबांचा दाब, खालून कामगारांची नाराजी. जात्यात भरडल्यासारखे. गट प्रवर्तक ताईंचेही तेच, युनियनच्या कार्यकर्त्याचेही तेच. अधिकाराविना जबाबदारी हे ओझे शरीराला सर्वात महाग पडते.

शरीरात काय होते

धोका दिसला की आपले शरीर पळायला किंवा लढायला तयार होते. अॅड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात सुटतात. हृदय जोरात धडधडते, बीपी चढते, रक्तात साखर वाढते. धोका टळला की सगळे पुन्हा जागेवर येते. कुत्रा मागे लागला तर ही व्यवस्था जीव वाचवते.

पण फोन दिवसभर वाजत असेल तर शरीराला वाटते, कुत्रा मागेच आहे. ताण उतरतच नाही. झोप तुटते. अपुऱ्या झोपेने बीपी आणि शुगर आणखी बिघडते. भूक अवेळी लागते, मग वडापाव, कटिंग चहा, तंबाखूची चिमूट यांवर दिवस निघतो. रात्री काहींना दारूशिवाय झोप येत नाही. गोळी विसरते. असे एकात एक अडकत जाते.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली एक मोठा अंदाज मांडला. आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्के जास्त असतो. २०१६ या एका वर्षात जगात सुमारे ७ लाख ४५ हजार मृत्यू या लांब कामाच्या तासांशी जोडले गेले. आठ तासांची पाळी, त्यावर ओव्हरटाइम, त्यावर वस्तीचे काम. ५५ चा आकडा आपल्याकडे कधी ओलांडला जातो ते कळतही नाही.

मनावरही परिणाम होतो. कामाचा ताण दीर्घकाळ न उतरल्यास येणाऱ्या अवस्थेला 'बर्नआउट' म्हणतात. तिची तीन लक्षणे आहेत. अंगातले त्राण संपणे, कामाविषयी आणि माणसांविषयी तुसडेपणा येणे, आणि आपल्या हातून नीट काही होत नाही असे वाटणे. कालपर्यंत सगळ्यांसाठी धावणारा दादा अचानक प्रत्येकावर खेकसू लागला, तर तो माजला असे म्हणण्याआधी तो थकला आहे का, ते बघा.

"बाबासाहेब अठरा अठरा तास काम करायचे"

विश्रांती घ्या म्हटले की आपल्याकडे हे वाक्य हमखास ऐकू येते. ते खोटे नाही. पण अर्धेच आहे.

१० ऑगस्ट १९५१ रोजी बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. आपल्या तब्येतीची डॉक्टरांना काळजी वाटते, उपचार घ्यायचे आहेत, पण त्याआधी हिंदू कोड बिल मार्गी लागावे, असा त्याचा आशय होता. उपचार मागे आणि काम पुढे. ६ डिसेंबर १९५६ रोजी ते गेले तेव्हा त्यांचे वय अवघे ६५ होते. अजून किती काम राहिले, याची हळहळ आपण आजही करतो.

त्यांच्यावर ते ओझे आले, कारण ते काम सोपवायला त्यांच्याजवळ माणसे मोजकी होती. आज प्रत्येक वस्तीत पदवी घेतलेली मुले-मुली आहेत. अर्ज लिहू शकणारी, हिशोब ठेवू शकणारी, मोबाइलवर फॉर्म भरू शकणारी. ही माणसे त्यांनीच तयार केली. ती असताना एकट्याने मरमर करणे म्हणजे त्यांचे अनुकरण नव्हे.

आणखी दोन गोष्टी आठवा. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात संविधानाचे श्रेय आपल्या एकट्याचे नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. बी. एन. राव यांचे आणि मुख्य मसुदालेखक एस. एन. मुखर्जी यांचे नाव घेऊन त्यांनी आभार मानले. हाताखाली काम करणाऱ्यांच्या कष्टांचाही उल्लेख केला. आणि ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, १९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन बारमाही कारखान्यांतले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. कामगाराचे तास कमी करणारी ही दुरुस्ती बाबासाहेबांच्याच काळातली होती. मग त्यांच्याच नावाने स्वतःला विश्रांती कशी नाकारायची?

ओझे उतरवायचे कसे

एकदम सगळे सोडून देता येत नाही. नोकरी आहे, लोकांचा विश्वास आहे. पण पुढच्या गोष्टी जमण्यासारख्या आहेत.

१. एक आठवडा वही ठेवा. दिवसभरात जे जे काम अंगावर घेतले ते रात्री दोन ओळींत लिहा. आठवड्याच्या शेवटी प्रत्येक कामापुढे खूण करा: हे माझेच, हे दुसऱ्याला शिकवता येईल, हे मुळात माझे नव्हतेच. तिसऱ्या खुणा बघून तुम्हीच चकित व्हाल.

२. "मी बघतो" हे शब्द जरा रोखा. त्याऐवजी विचारा, "तुला काय वाटते, काय करावे?" मग म्हणा, "कर तसे, आणि चार वाजता मला सांग." अडचण ऐका, मदत करा, पण जाताना माकड त्याच्याच खांद्यावर जाऊ द्या.

३. काम पायरीपायरीने सोपवा. पहिल्यांदा त्याने बघावे, तुम्ही करावे. मग दोघांनी मिळून. मग त्याने करावे, तुम्ही बघावे. शेवटी त्याने एकट्याने. मधे तो चुकेल. छोट्या चुका होऊ द्या. आपणही चुकतच शिकलो. ज्या चुकीने कोणाच्या जिवाला धोका आहे ती मात्र होऊ देऊ नका. गटारात किंवा टाकीत उतरण्यासारख्या कामात शिकाऊपणा चालत नाही.

४. किल्ली, वही आणि नंबर दुसऱ्याकडेही ठेवा. बचत गटाचा हिशोब कमीत कमी दोघींना यायला हवा. अध्यक्षपद ठरावीक काळाने फिरते ठेवा. थकलेला हप्ता बैठकीत मांडा, स्वतः भरू नका.

५. वरच्यांना लेखी सांगा. "जमणार नाही" म्हणणे अवघड असेल तर असे म्हणा: "साहेब, आज दोन माणसे कमी आहेत. या तीन गल्ल्यांपैकी कोणत्या दोन आधी घ्यायच्या ते सांगा." यात नकार नाही, पण निर्णय ज्याचा आहे त्याच्याकडे परत जातो. रिकाम्या जागांचा प्रश्न एकट्याने मांडू नका. तो युनियनतर्फे, सगळ्यांच्या सहीने मांडा. एकटा मांडतो ती कुरकुर ठरते, दहा जण मांडतात ती मागणी होते.

६. फोनची वेळ ठरवा. अपघात, आजारपण सोडून बाकी काम रात्री नऊनंतर उद्यावर. आठवड्याची सुट्टी सुट्टीसारखी घ्या. मोठ्या माणसाला रोज किमान सात तास झोप लागते, ती चैन नाही.

घरच्यांनी काय करावे

पुढारी बाई असेल तर तिचे ओझे दुहेरी असते. बाहेर गट सांभाळून आल्यावर चूल तिचीच. ताई समाजासाठी किती करते, असे म्हणणाऱ्या घरातल्या पुरुषांनी संध्याकाळचा भात आणि भांडी आपल्याकडे घ्यावीत. कौतुकाने कोणाचे बीपी उतरत नाही.

गोळीची वेळ रोजच्या एखाद्या सवयीला बांधा. सकाळचा चहा, डबा भरणे, दात घासणे. एक पट्टी घरी आणि एक डब्याच्या पिशवीत. रात्रपाळी असेल तर गोळी कधी घ्यायची ते डॉक्टरांना विचारा. बरे वाटते म्हणून बीपी-शुगरची गोळी स्वतःहून बंद करू नका. बरे वाटते ते गोळीमुळेच.

वस्तीनेही एक करावे. दादांच्या दारात रात्री दहाला अर्ज घेऊन उभे राहण्याआधी विचार करावा, हे मी स्वतः करू शकतो का? विहारात आठवड्यातून दोन संध्याकाळी शिकलेली मुले-मुली अर्ज भरायला बसली तर एका माणसाचे दहा तास वाचतील.

दवाखान्यात कधी जायचे

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी बीपी आणि शुगर तपासावी. सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत होते. बीपी वारंवार १४०/९० किंवा त्याहून जास्त, उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त येत असेल तर डॉक्टरांना दाखवा. बीपी दुखत नाही, म्हणून ते कळत नाही.

छातीत दाब, दुखणे डाव्या हातात किंवा जबड्यात जाणे, दरदरून घाम. किंवा तोंड एका बाजूला वाकडे होणे, एका हातातले बळ जाणे, बोबडी वळणे. यांतले काहीही झाले तर "जरा पडतो, बरे वाटेल" असे करू नका. लगेच १०८ ला फोन करा. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे औषध सुमारे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, म्हणून प्रत्येक मिनिट मोलाचे असते.

मन फार थकले असेल, झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही मोफत बोलता येते. मराठीतही बोलता येते. स्वतःसाठी मदत मागणे कमीपणाचे नाही. आयुष्यभर ज्याने सगळ्यांना मदत केली त्याला तर तो हक्कच आहे.

उद्या सकाळी फोन येईल. दोघांचा खाडा असेल. तेव्हा "मी बघतो" म्हणण्याआधी एक श्वास घ्या आणि म्हणा, "चल, आपण सगळे मिळून बघू." आणि हो, निघण्याआधी चहा पूर्ण प्या आणि गोळी घ्या.